आप्तसंबंधाचे गणित आणि पक्ष्यांचे भवितव्य : बंदिस्त प्रजननातील आनुवंशिकीय धोरणाची समीक्षा

१. प्रश्नाचे स्वरूप

नामशेष होण्याच्या मार्गावर असलेले पक्षी पकडावयाचे, बंदिस्त जागेत त्यांची वीण वाढवावयाची आणि पुढे त्यांची संतती पुन्हा मोकळ्या रानात सोडावयाची, हा उपक्रम गेल्या अर्धशतकात अनेक देशांत रूढ झाला आहे. या उपक्रमात कोणत्या नराची कोणत्या मादीशी जोडी लावावी, कोणत्या जोडीची किती पिले वाढवावीत आणि कोणत्या पक्ष्यास प्रजननापासून दूर ठेवावे, हे प्रश्न आरंभी पक्षिगृहाच्या रखवालदाराच्या अनुभवावर सोडलेले असत. आज त्यांचा निर्णय बहुतांशी आनुवंशिकीच्या आधारे केला जातो. हा अधिकार आनुवंशिकीस कोणत्या आधारावर प्राप्त झाला, तो कोठवर न्याय्य आहे आणि कोठे तो आपली मर्यादा ओलांडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विवेचनासाठी मुख्य उदाहरण म्हणून उत्तर अमेरिकेतील कॅलिफोर्निया काँडर या गिधाडाचे घेतले आहे. कारण या पक्ष्याच्या बाबतीत वंशावळ, रेणवीय पुरावा आणि प्रत्यक्ष व्यवहार या तिन्हींची नोंद इतकी तपशीलवार उपलब्ध आहे की तिच्या साहाय्याने तत्त्वाची परीक्षा घेता येते.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट करणे इष्ट ठरेल. खिलार जनावरांची पैदास करणारा गोपालक उत्तम वळू निवडतो आणि निकृष्ट जनावरे पैदाशीतून वगळतो. त्याच्या दृष्टीने आनुवंशिकी हे निवडीचे शास्त्र असते. संरक्षणासाठी पैदास करणाराचे उद्दिष्ट याच्या नेमके उलट असते. त्यास कोणताही गुण वाढवावयाचा नसतो. जे आहे ते शक्य तितके कमी न गमावता पुढील पिढीकडे पोहोचवावयाचे असते. म्हणजे त्याचे शास्त्र निवड न करण्याचे शास्त्र होय. मात्र ही न-निवड अमलात आणावयाची तर पक्ष्यांची एक क्रमवार यादी करावीच लागते, आणि अशी यादी एकदा झाली की ती गुणवत्तेची यादी आहे असा समज होण्यास वेळ लागत नाही. या विषयातील बहुतेक गोंधळाचे मूळ येथे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

२. काँडरचा इतिहास

कॅलिफोर्निया काँडर हा उत्तर अमेरिकेतील सर्वांत मोठा उडणारा भूपक्षी. त्याच्या पंखांचा विस्तार सुमारे साडेनऊ फूट असतो. मादी एका वेळी एकच अंडे घालते. पिलाची वाढ इतकी सावकाश होते की रानात एखादी जोडी बहुधा वर्षाआड वीत असते, आणि स्वतः पिलास प्रजननक्षम होण्यास सहा वर्षांच्या आसपास लागतात. अशा पक्ष्यात प्रौढांचा मृत्यू थोडा जरी वाढला तरी तूट भरून निघत नाही. शिकाऱ्यांनी टाकलेल्या मृत जनावरांतील शिशाच्या गोळ्यांचे तुकडे खाऊन होणारी विषबाधा हे त्याच्या ऱ्हासाचे प्रमुख कारण होय, हे पुढे निर्विवाद सिद्ध झाले.

१९८२ मध्ये सारे मिळून अवघे २२ काँडर शिल्लक होते. १९८४-८५ च्या एका हिवाळ्यात रानातील सहा पक्षी नाहीसे झाले आणि विणीच्या जोड्यांपैकी एकच उरली. तेव्हा उरलेले सर्व पक्षी पकडावेत की काही रानातच राहू द्यावेत, यावर तीव्र वाद झाला. तो न्यायालयापर्यंत गेला. डेव्हिड ब्राउअर यांच्यासारख्या निसर्गसंरक्षकांचे म्हणणे असे की काँडर हा त्याच्या डोंगरकड्यांपासून वेगळा काढता येत नाही आणि पिंजऱ्यात जे वाचेल ते काँडर नव्हे. उलट पक्षाचे एक महत्त्वाचे म्हणणे आनुवंशिकीय होते. ज्या पक्ष्यांचे वंश बंदिस्त समूहात आलेलेच नव्हते ते रानात मेले असते तर त्यांच्या जनुकांची हानी कायमची ठरली असती. अखेर दुसरा पक्ष मान्य झाला. १९ एप्रिल १९८७ रोजी रानातील शेवटचा काँडर पकडण्यात आला आणि त्या दिवशी जगातील सर्व, म्हणजे २७, काँडर बंदिस्त झाले. सॅन डिएगो व लॉस एंजेलिस येथील प्राणिसंग्रहालयांत त्यांची वाटणी झाली.

पुढील घटना थोडक्यात सांगता येतील. बंदिवासात गर्भधारणा होऊन जन्मलेले पहिले पिलू १९८८ मध्ये अंड्यातून बाहेर आले. पहिले अंडे काढून घेतल्यास मादी दुसरे घालते, या स्वभावाचा उपयोग करून वीण वाढविण्यात आली. १९९२ मध्ये पक्षी पुन्हा रानात सोडण्यास प्रारंभ झाला. १९८७ साली शेवटी पकडलेला नरही २००२ मध्ये रानात परत सोडण्यात आला. चालू दशकाच्या आरंभी एकूण संख्या ५०० च्या वर गेली होती आणि त्यांतील निम्म्याहून अधिक पक्षी मुक्त होते. हे सर्व पक्षी १४ संस्थापकांचे वंशज आहेत. चौदा हा आकडा पुढील विवेचनाचा पाया असल्याने वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

३. आप्तांकाचे तत्त्व

दोन पक्ष्यांपैकी प्रत्येकाचा एकेक जनुक यदृच्छेने उचलला असता ते दोन्ही एकाच पूर्वजाच्या एकाच जनुकाच्या प्रती असण्याची जी संभाव्यता, तिला आपण आप्तांक म्हणू. सख्ख्या भावंडांचा आप्तांक ०.२५, सावत्र भावंडांचा ०.१२५ व चुलतभावंडांचा ०.०६२५ असतो. आईबापांचा आप्तांक हाच अपत्याचा अंतःप्रजनन-गुणांक होय. एखाद्या पक्ष्याचा समूहातील सर्वांशी (स्वतःसह) असलेल्या आप्तांकांची सरासरी काढली की त्याचा सरासरी आप्तांक मिळतो. ज्याचा सरासरी आप्तांक कमी, त्याचे जनुक समूहात विरळ. म्हणून त्यास प्रजननाची संधी आधी द्यावी, असा नियम जोनाथन बॅलू व रॉबर्ट लेसी यांनी मांडला व तो आज जगभर प्रमाण मानला जातो. समूहातील सरासरी आप्तांकांची सरासरी एकातून वजा केली असता जे उरते तेच समूहाचे जनुकवैविध्य. यावरून सरासरी आप्तांक किमान ठेवणे आणि वैविध्य कमाल ठेवणे या एकाच क्रियेच्या दोन बाजू आहेत, हे उघड होईल.

या नियमाचे व्यावहारिक महत्त्व एका काल्पनिक हिशेबाने दाखविता येते. चौदा संस्थापकांचा वाटा सारखा असेल, तर जनुकवैविध्य एक वजा एकअठ्ठाविसांश, म्हणजे ९६.४ टक्के राहते. आता समजा, दोन जोमदार संस्थापकांची संतती भराभर वाढली, त्या दोघांचा वाटा प्रत्येकी एकचतुर्थांश झाला आणि उरलेल्या बारा जणांच्या वाट्यास मिळून निम्मा भाग आला. अशा स्थितीत वाट्यांच्या वर्गांची बेरीज ०.१४६ होते. तिचा व्यस्तांक ६.९ हा येतो. म्हणजे चौदा संस्थापकांचे काम जेमतेम सात समान संस्थापकांइतके उरते आणि वैविध्य ९२.७ टक्क्यांवर येते. एकही पक्षी मेला नाही, उलट संख्या वाढली, तरीही निम्मे संस्थापक जणू वाया गेले. केवळ संख्या मोजणाऱ्या व्यवस्थापकास ही हानी दिसत नाही, आणि ती दृष्टीस आणून देणे हे आनुवंशिकीचे पहिले व निःसंशय कार्य होय.

अंतःप्रजननाचे दुष्परिणाम प्राणिसंग्रहालयांतही घडतात, याचा भक्कम पुरावा कॅथरीन रॉल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दिला. त्यांनी खुरी प्राण्यांच्या १६ समूहांच्या नोंदी तपासल्या आणि त्यांपैकी १५ समूहांत अंतःप्रजननातून जन्मलेल्या पाडसांचा मृत्यू अधिक आढळला. त्यापूर्वी प्राणिसंग्रहालयांत जवळच्या नात्यातील जोड्या लावणे फारसे आक्षेपार्ह मानले जात नसे. या लेखाने ती समजूत मोडली, आणि वंशावळीच्या वह्या ठेवणे हे कारकुनी काम न राहता शास्त्रीय काम ठरले.

४. वंशावळीची विश्वासार्हता

आप्तांकाचे सर्व गणित वंशावळीवर उभे असते, आणि वंशावळ कोठेतरी सुरू करावीच लागते. जेथे ती सुरू होते तेथील पक्ष्यांस संस्थापक म्हणतात व ते परस्परांचे नातलग नाहीत असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक मोठ्या समूहातून पकडलेल्या पक्ष्यांबाबत चालून जाईल. परंतु सरत आलेल्या समूहातील अखेरचे पक्षी परस्परांचे कोणीच नसतील, ही अपेक्षा मुळातच अवास्तव आहे. काँडरच्या संस्थापकांचे डीएनए-ठसे तपासून १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते तीन कुळांत मोडतात असे दिसून आले. वंशावळीप्रमाणे ज्या जोडीचा आप्तांक शून्य तिची नर-मादी प्रत्यक्षात एका कुळातील असू शकत होती. हा शोध लागल्यावर जोड्या लावताना कुळांचा विचार करणे भाग पडले.

तथापि या पुराव्याचे स्वरूपही नीट पाहिले पाहिजे. ठशांतील पट्ट्यांचे साम्य दोन पक्षी जवळचे की दूरचे एवढे सांगते. ते पितापुत्र की काकापुतणे हे निश्चयाने सांगत नाही. म्हणूनच संशोधकांनी नात्याची पायरी न ठरविता कुळांची विभागणी केली, हे त्यांच्या सावधपणाचे लक्षण मानावे लागेल. रेणवीय पुरावा वंशावळीची दुरुस्ती करतो, पण तो स्वतः वंशावळ नव्हे, हा भेद अनेक उत्तरकालीन लेखनांत पुसट झालेला दिसतो.

वंशावळीस दुसरा धक्का अधिक अनपेक्षित होता. काँडरच्या समूहात २१ डीएनए-खुणांच्या आधारे ९११ पक्ष्यांच्या पितृत्वाची छाननी झाली, तेव्हा दोन नरांच्या ठिकाणी पित्याचा कोणताच अंश आढळला नाही. त्यांतील प्रत्येक खूण मातेकडूनच आलेली व समयुग्मजी होती. ऑलिव्हर रायडर व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये हे अनिषेकजननाचे उदाहरण म्हणून प्रसिद्ध केले. पक्ष्यांत मादीची लिंगगुणसूत्रे भिन्न व नराची समान असल्याने अशी अपत्ये नरच निपजतात, आणि हे दोघेही नर होते. विशेष हे की दोघांच्याही माता प्रजननक्षम नरांच्या सहवासात होत्या. म्हणजे नराच्या अभावी मादीने असा मार्ग धरला, हे नेहमीचे स्पष्टीकरण येथे लागू पडत नाही. त्या नरांपैकी एक दोन वर्षांचाही झाला नाही. दुसरा सुमारे आठ वर्षे जगला. समूहाच्या दृष्टीने या घटनेचा परिणाम क्षुल्लक असेल, परंतु पद्धतीच्या दृष्टीने तिचे महत्त्व मोठे आहे. पिंजऱ्यात जो नर होता तोच पिता, असे वंशावळ लिहिणारा मानतो. नोंद प्रामाणिक होती, निरीक्षण अचूक होते, आणि तरीही निष्कर्ष खोटा ठरला. वंशावळ हा पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष आहे, स्वतः पुरावा नव्हे, याची यापेक्षा चांगली आठवण दुसरी कोणती असेल?

५. दोषकारी जनुक आणि उच्चाटनाचा मोह

आनुवंशिकीय सल्ल्याची खरी कसोटी लागली ती एका घातक विकाराच्या प्रसंगी. काँडरच्या काही अंड्यांत कूर्चाविकार झालेले, हाडे खुंटलेले गर्भ आढळले. ते अंड्यातून जिवंत बाहेर येत नसत. रॉल्स, बॅलू व सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार हा विकार एका अप्रभावी जनुकामुळे होत असावा व त्या जनुकाची समूहातील वारंवारता सुमारे ९ टक्के असावी. संस्थापक थोडे असल्यामुळे, एखाद्याच्या अंगी असलेला विरळ दोष संपूर्ण समूहात इतक्या प्रमाणात पसरू शकला.

पशुपैदाशीच्या शास्त्राचे उत्तर सरळ असते : वाहकांस प्रजननापासून दूर ठेवा. आता हिशेब पाहू. वारंवारता ०.०९ असेल तर प्रत्यक्ष वाहक दोन गुणिले ०.०९ गुणिले ०.९१, म्हणजे सुमारे १६ टक्के. परंतु वाहक दिसावयास निरोगी असतो. तो ओळखण्याचे साधन त्या वेळी वंशावळीखेरीज दुसरे नव्हते. ज्याच्या पूर्वजांत किंवा भावंडांत विकार आला तो प्रत्येक पक्षी संशयित. अशा सर्व संशयितांना वगळावयाचे म्हटले असते तर सुमारे निम्मा समूह बाद झाला असता. सोळा टक्क्यांतील दोष काढण्यासाठी निम्म्या पक्ष्यांचे उरलेले सारे जनुक टाकून देणे, हा व्यवहार कोणत्या अर्थाने शहाणपणाचा म्हणावयाचा? उपर्युक्त लेखकांनी उच्चाटनाविरुद्ध मत दिले, आणि ते योग्यच होते. वाहकाची जोडी वाहक नसलेल्या पक्ष्याशी लावली तर एकही पिलू विकृत निपजत नाही. निम्मी पिले वाहक होतात इतकेच. म्हणून प्रश्न वाहकास बाहेर काढण्याचा नसून दोन वाहक एकत्र न येऊ देण्याचा आहे.

येथे रेणवीय आनुवंशिकीचे नैतिक म्हणावे असे एक कार्य दृष्टीस पडते. दोषकारी जनुकाची नेमकी खूण सापडली तर संशयितांतील बहुसंख्य पक्षी निर्दोष ठरून मोकळे होतात. काँडरच्या जनुकसंहितेचा अभ्यास करणाऱ्यांनी हा शोध पुढे चालू ठेवला तो याच कारणाने. परंतु हेच साधन उलट दिशेनेही वापरता येईल. संपूर्ण जनुकसंहिता वाचता येऊ लागल्यावर प्रत्येक पक्ष्याच्या अंगी अनेक संभाव्य दोष आढळणार, हे निश्चित आहे. प्रत्येक दोषामागे एकेक पक्षी वगळत गेल्यास अखेर निर्दोष समूह उरणार नाही, निव्वळ लहान समूह उरेल. संरक्षणार्थ पैदास करणारा पुन्हा गोपालकाच्या वाटेवर वळण्याचा धोका ज्ञानाच्या अभावापेक्षा ज्ञानाच्या विपुलतेतून अधिक संभवतो.

६. नव्वद टक्क्यांचा दंडक

बंदिस्त समूहांचे ध्येय म्हणून "दोनशे वर्षांत ९० टक्के जनुकवैविध्य टिकविणे" हा दंडक मायकेल सूले व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडला. पुढील काही शतके मानवी वस्तीचा दाब ओसरणार नाही, तोवर या प्राण्यांना तारून न्यावयाचे, अशी त्यामागील कल्पना होती. लेखकांनी हा आकडा व्यवहारोपयोगी तडजोड म्हणूनच सुचविला होता. पुढे मात्र तो निसर्गनियमासारखा उद्धृत होऊ लागला. ८९ टक्क्यांस समूह बुडतो आणि ९१ टक्क्यांस तरतो, असे मानण्यास कोणताही जीवशास्त्रीय आधार नाही.

याहूनही मूलगामी प्रश्न असा की नव्वद टक्के, पण कशाचे? हे प्रमाण संस्थापकांच्या वैविध्याशी मोजले जाते, जातीच्या पूर्वीच्या वैविध्याशी नव्हे. संग्रहालयांत जपलेल्या १८२५ ते १९८४ या काळातील काँडरच्या नमुन्यांतील तंतुकणिकांच्या डीएनएचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार जुन्या मातृवंशीय प्रकारांपैकी ८० टक्क्यांहून अधिक प्रकार नष्ट झाले आहेत. उलट संपूर्ण जनुकसंहितेच्या २०२१ मधील अभ्यासात दिसले की एकेकाळी हा पक्षी फार विपुल होता आणि त्या विपुलतेचे बरेचसे वैविध्य आजच्या पक्ष्यांच्या अंगी अद्याप शिल्लक आहे. मात्र त्यात अलीकडच्या अंतःप्रजननाने समरूप झालेले पट्टेही आहेत. ही दोन विधाने वरवर परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः संकोचाच्या काळात विरळ प्रकार प्रथम नाहीसे होतात आणि सरासरी विषमयुग्मजता पुष्कळ सावकाश घटते, या प्रसिद्ध तत्त्वाने दोहोंचा मेळ बसतो. परंतु त्यावरून हेही सिद्ध होते की एकाच टक्केवारीत जातीचे सारे आनुवंशिक भवितव्य बसविता येत नाही. सरासरी आप्तांकाचे गणित विषमयुग्मजतेचा हिशेब ठेवते. जे विरळ प्रकार संस्थापकांपूर्वीच गेले त्यांविषयी ते मौन पाळते.

७. आक्षेपांचा परामर्श

या धोरणावर तीन आक्षेप घेतले जातात. त्यांचे वजन सारखे नाही.

पहिला आक्षेप असा की आनुवंशिकीवाचूनही पक्षी वाचले आहेत. १९७४ मध्ये मॉरिशस बेटावरील ससाण्याचे रानात अवघे चार पक्षी ज्ञात होते, आणि त्याचा पुढील समूह एकाच विणीच्या जोडीपासून वाढून शेकडोंच्या घरात गेला. हे उदाहरण खरे आहे. पण त्यावरून काढलेले अनुमान सदोष आहे. अशा संकटातून जे समूह तरले तेवढेच आपणांस दिसतात. जे बुडाले त्यांची गणना कोणी करीत नाही. त्याच बेटावरील गुलाबी कबुतराचा इतिहास याच्याशी ताडून पाहावा. १९९० च्या सुमारास रानात दहाच्या आसपास उरलेला हा पक्षी बंदिस्त प्रजनन व संरक्षणाने काही शतांवर गेला व सर्वत्र यशाचे उदाहरण म्हणून सांगितला जाऊ लागला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंहितेच्या अभ्यासाने दाखविले की संख्या वाढत असतानाही वैविध्याची झीज चालूच होती, दोषकारी जनुकांचा भार मोठा होता, आणि प्राणिसंग्रहालयांतील पक्ष्यांचे वेगळे वंश रानात मिसळले नाहीत तर पुढील ५० ते १०० वर्षांत तो नामशेष होण्याचा संभव आहे. पहिला आक्षेप त्यामुळे टिकत नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला समूह पिंजऱ्यासच अनुरूप होत जातो, हे रिचर्ड फ्रँकहॅम यांनी सविस्तर प्रतिपादन केले आहे. सरासरी आप्तांकाचा नियम या प्रक्रियेस काही अंशी आळा घालतो, कारण बंदिवासात जोमाने विणाऱ्या वंशांना तो मागे ठेवतो. हा त्याचा एक अनुषंगिक गुण फारसा सांगितला जात नाही. पण जनुकांवाटे न येणारा वारसा त्याच्या कक्षेबाहेरच राहतो. हवाईतील कावळा २००२ पासून रानातून नाहीसा झाला होता. २०१७ मधील एका अभ्यासात रानातील जुन्या पक्ष्यांच्या ध्वनिमुद्रिका व बंदिस्त पक्ष्यांचे आवाज यांची तुलना केली असता, धोक्याच्या हाका बंदिवासात कमी झालेल्या व स्वतःच्या प्रदेशाची ललकारी ऐकूच न येणारी अशी आढळली. त्यांपैकी जे पक्षी रानात सोडले त्यांतील अनेक स्थानिक बाजाच्या भक्ष्यस्थानी पडले आणि उरलेले २०२० मध्ये परत पकडावे लागले. हाकांची घट हेच या अपयशाचे कारण होते असे सिद्ध झालेले नाही. परंतु कावळ्याची भाषा आईबापांकडून शिकली जाते आणि तिचा आप्तांक कोणत्याही वहीत नोंदविलेला नसतो, एवढे तरी मान्य करावयास हवे.

तिसरा आक्षेप जोडीच्या निवडीविषयी आहे. झेब्रा फिंच या लहान पक्ष्यावरील २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ज्यांनी जोडीदार स्वतः निवडला त्यांची हयात पिले, सक्तीने जोडलेल्यांपेक्षा ३७ टक्के अधिक निघाली. जोडी गणिताने ठरविली तर पक्ष्याची पसंती बाजूस पडते, हे यातून सूचित होते. या आक्षेपावर उपाय आहे. आप्तांकाच्या दृष्टीने चालण्याजोगे असे दोन-तीन जोडीदार समोर ठेवून अंतिम निवड पक्ष्यावर सोपविल्यास दोन्ही हेतू पुष्कळ अंशी साधतात. नियमाने एक उत्तम जोडी सांगण्याऐवजी अनेक पुरेशा चांगल्या जोड्या सांगाव्यात, अशी ही सुधारणा होय.

या तिन्ही आक्षेपांपलीकडची मर्यादा अधिक साधी आहे. काँडरला शिसे मारते, आणि कोणत्याही जोडणीने शिशाला दाद न देणारा काँडर निर्माण होत नाही. कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाची गोळी वापरण्यावर पूर्ण बंदी आली ती १ जुलै २०१९ पासून, म्हणजे शेवटचा पक्षी पकडल्यानंतर बत्तीस वर्षांनी. २०२३ मध्ये ॲरिझोना-यूटा येथील समूहातील २१ काँडर पक्षिज्वराने मेले. जनुकवैविध्य हे भविष्यातील अशा आपत्तींविरुद्धचे भांडवल आहे. आजच्या विषाविरुद्धचे औषध नव्हे.

८. माळढोकाच्या निमित्ताने

हा विचार आपल्याकडे केवळ परदेशीचा वृत्तांत म्हणून राहू नये. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळरानामुळे महाराष्ट्रास परिचित असलेला माळढोक आज देशभर मिळून दीडशेच्या आसपास उरला असल्याचे मानले जाते. राजस्थानात जैसलमेरजवळ सम येथे २०१९ पासून रानातून अंडी आणून त्याचे बंदिस्त प्रजनन चालू आहे. बंदिस्त पक्ष्यांच्या जोडीचे पहिले पिलू २०२३ मध्ये व कृत्रिम रेतनाचे पहिले पिलू २०२४ मध्ये जन्मले. २०२५ मध्ये तेथील पक्षी साठांहून अधिक झाले होते. ही प्रगती अभिनंदनीय आहे.

काँडरच्या इतिहासाच्या प्रकाशात मात्र तीन गोष्टी येथे आताच ठरविणे अगत्याचे आहे. माळढोकाच्या तंतुकणिकांतील डीएनएचे वैविध्य अत्यल्प असल्याचे २०११ मधील अभ्यासात आढळले होते. त्यामुळे संस्थापकांस परस्परांचे अनोळखी मानणे येथे अधिकच धोक्याचे होईल. संस्थापक अंडी मुख्यतः थरच्या वाळवंटातील असून दख्खनचे वंश जवळजवळ संपले आहेत, आणि कच्छमध्ये गेली काही वर्षे केवळ माद्या उरल्या आहेत. त्या माद्यांचे जनुक बंदिस्त समूहात यावेत की नाही, हा प्रश्न १९८५ च्या काँडरच्या प्रश्नाचेच रूप आहे, आणि तो पुढे ढकलला तर निसर्गच त्याचे उत्तर देईल. तिसरी गोष्ट आपल्या हातची आहे. दख्खनच्या माळढोकांची जुनी कातडी देशातील व परदेशातील संग्रहालयांत ज्या प्रमाणात टिकून असतील, त्यांची छाननी झाल्यास आपण काय गमावले हे तरी कळेल; आणि जे शिल्लक आहे त्याचे मोजमाप करण्यास आधार मिळेल. जीवशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस यापेक्षा योग्य संशोधनविषय क्वचित सापडेल. याचबरोबर, माळरानावरील उघड्या वीजतारांवर आदळून पक्षी मरत असताना वंशावळ कितीही शुद्ध लिहिली तरी ती तुटणारच, हेही विसरता कामा नये.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. सरासरी आप्तांक किमान ठेवण्याचा नियम हा बंदिस्त प्रजननाचा आजवरचा सर्वांत विश्वसनीय मार्गदर्शक आहे, आणि त्यावाचून संख्या वाढूनही समूह आतून पोकळ होऊ शकतो. परंतु हा नियम वंशावळीवर उभा आहे आणि वंशावळ ही नित्य तपासत राहण्याची गोष्ट आहे. रेणवीय पुराव्याचा उत्तम उपयोग दोषी शोधण्यापेक्षा निर्दोष मोकळे करण्यात आहे. नव्वद टक्क्यांसारखे दंडक सोयीचे असले तरी ते कशाच्या तुलनेत मोजले हे प्रत्येक वेळी सांगितले पाहिजे. आणि शेवटी, आप्तांकाची यादी कोणत्या पक्ष्याचे जनुक विरळ आहेत एवढेच सांगते. कोणता पक्षी अधिक मोलाचा आहे हे ती सांगत नाही, आणि तिला तसे विचारूही नये. १९८७ मध्ये सत्तावीस पक्ष्यांपुढे उभ्या असलेल्या शास्त्रज्ञांना त्यांपैकी एकही गमावणे परवडणारे नव्हते. संख्या पाचशेवर गेल्यानंतरही हीच वृत्ती कायम ठेवणे, हे या शास्त्रापुढील यापुढचे खरे कठीण काम आहे.